ढेकळातले स्फटिक

अकोला
८ जून २०२४

भावना,

एसटीच्या पार्सलने खोकं पाठवते आहे. पत्र मुद्दाम वर ठेवलं आहे. फोनवर सांगता आलं असतं, पण शेडमध्ये दिवसभर चाळणीची आणि मिक्सरची घरघर असते. शिवाय होस्टेल सुटल्यापासून आपण दोघी महत्त्वाचं ते कागदावरच सांगत आलोय.

खोक्यात सहा ढेकळं आहेत, प्रत्येक नारळाएवढं. काळी माती, थोडं प्लास्टर ऑफ पॅरिस आणि आत चार-पाच स्फटिक. गारगोटी, अकीक, जांभळा अमेथिस्ट, नशीब असेल तर पिवळसर स्टिल्बाइट. सोबत लाकडी हातोडी, बोथट छिन्नी, ब्रश, भिंग आणि माहितीपत्रक. मूल रद्दी पेपर पसरून बसतं, ठोकतं, खरवडतं, ब्रशने माती झाडतं आणि हाती लागलेला दगड पत्रकातल्या चित्राशी जुळवतं. आपल्याला बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला प्रयोगशाळेच्या कपाटाच्या काचेतून जे दिसलं, ते चौथीतल्या पोरांच्या हातात येतं.

तेल्हाऱ्याची एक गंमत सांगते, कोणाला सांगितलेली नाही. मार्चमध्ये तिथल्या एका शाळेत कार्यशाळा घेतली. दोन दिवसांनी मुख्याध्यापक वामनरावांचा फोन. म्हणाले, "म्याडम, तुमच्या ढेकलायनं आमचं मैदान गेलं ना. पोट्ट्यायनं अर्धं उकरून ठेवलं, खो-खोचा खांब आडवा केला. म्हनते खाली हिरे हायेत." मी हसून हसून बेजार. पोरांना जमीन खोदावीशी वाटली, अजून काय पाहिजे?

आता मुद्दा. रुजवण विज्ञान न्यास आपल्या दोन्ही जिल्ह्यांतल्या साठ शाळांसाठी साहित्य निवडणार आहे. मी अर्ज केलाय. शेडमध्ये नऊ जणी आहेत. चंदाने शेतातलं निंदणं सोडून हे काम धरलं, तिला पाच वर्षं झाली. अमोल आजवर गप्प होता, पण आता त्याने सांगून टाकलंय की दिवाळीपर्यंत हे मार्गी लागलं नाही तर शेड सरकीवाल्याला द्यायची. नवरा म्हणून त्याचं चुकत नाही.

स्फटिक एक जाणता माणूस निवडून देतो. कोण ते पुढच्या वेळी.

तू भूशास्त्र शिकवतेस. मी संसारात पडून एम.एस्सी. अर्धी सोडली. काय चुकलंय ते तूच सांगू शकशील. लपवू नको.

रागिणी


अमरावती
१६ जून २०२४

रागिणी,

खोकं मिळालं. ढेकळं वाटेत फुटली नाहीत, याचं आधी कौतुक. ब्रशचे केस गळतात, तेवढं बघ. भिंग चांगलं आहे.

प्रीतमची दामिनी सुटीसाठी परतवाड्याहून आली आहे. नऊ वर्षांची. तिला एक दिलं. दोन तास ती जागची हलली नाही. जेवायला हाक मारली तर म्हणाली, "आत्या, थांब ना, याचा एक कोपरा दिसून राह्यला." स्टिल्बाइट निघाला, छान होता, पंख्यासारखा उघडलेला. तो धुऊन तिने खिडकीत ठेवला आणि मला विचारलं, "आत्या, हे मातीत कोनं पेरलं?" मी म्हटलं, रागिणी मावशीने. ती हसली.

पत्रक नीट आहे, चित्रं स्वच्छ आहेत. एकूण काम मेहनतीचं झालं आहे. बारकावे सवडीने कळवते, सध्या पेपर तपासणीची घाई आहे.

तो जाणता माणूस कोण? स्टिल्बाइट निवडणारी नजर साधी नाही.

भावना


अकोला
२७ जून २०२४

भावना,

तुझ्या पत्राने किती बरं वाटलं. 'मेहनतीचं काम' हे शब्द तुझ्याकडून म्हणजे पदकच. शेडमध्ये वाचून दाखवले. चंदा म्हणाली, त्या म्याडम काटकसरीनं बोलतेत वाटते.

आता सांगतेच. जाणता माणूस म्हणजे तुझे बाबा.

चिडू नको. डोमाजी काका दोन वर्षांपासून येतात. परतवाड्याला मी दगड बघायला गेले होते, खाणीच्या ढिगाऱ्यावर भेटले. महिन्यातून एकदा एसटीने येतात, दोन दिवस आमच्याकडे राहतात. मीच म्हटलं होतं, भावनाला कळवू या. तर म्हणाले, "तिले सांगू नोको. थे मले दगड उचलू देनार नाई." आता नव्या खोक्यावर त्यांचा फोटो टाकायचं ठरतंय, म्हणून लपवण्यात अर्थ नाही.

पोरांसमोर त्यांना एकदा बघच. धोंडा हातात घेतात, मान वळवून उजवा कान लावतात आणि छोट्या हातोडीने टिचकी मारतात. "दगडाले आधी आयकावं लागते. भरीव असन तं टन्न वाजते. बद्द वाजला का समजावं, याच्या पोटात काईतरी हाय." मग विहिरीच्या कामावरच्या गोष्टी. कुठे खडक लागला, कुठे सुरुंग फुसका निघाला. तुला माहीतच आहे, तू नववीत असताना धामणगावकडच्या विहिरीत सुरुंग वेळेआधी उडाला आणि त्यांचा डावा कान गेला. तेसुद्धा ते असं सांगतात की पोरं हसतात.

बारकावे कळव. न्यासाची बैठक नऊ जुलैला आहे म्हणे.

रागिणी


अमरावती
१ जुलै २०२४

(हे पाठवलं नाही.)

रागिणी,

मला माहीत नव्हतं.

डावा कान गेला हे मला माहीत नव्हतं. बाबा कामावरून पंधरा दिवस आले नाहीत आणि आले तेव्हा डोक्याला फडकं होतं, एवढं आठवतं. आईने सांगितलं, पडले. जेवताना माझा पाट त्यांच्या डाव्या हाताला असायचा. एम.एस्सी.ला पहिली आले ते मी त्या पाटावरूनच सांगितलं. ते भाकरी कुस्करत राहिले. मी पुन्हा सांगितलं नाही. त्या दिवसापासून त्यांना दगडांबद्दल काहीच सांगितलं नाही. तेवीस वर्षं मी हा अपमान सांभाळला आणि तू एका वाक्यात 'तुला माहीतच आहे' म्हणून टाकलंस.

मला तुझा हेवा वाटतो. हा शब्द लिहून बघितला, हलका होत नाही. ढेकळांचा वाटला, शेडचा वाटला, दामिनी दोन तास हलली नाही त्याचाही वाटला. माझ्या वर्गात वीस मिनिटांनी मुलं घड्याळ बघतात. पण ते सगळं मी गिळलं असतं. बाबा तुझ्याकडे दोन दिवस राहतात. माझ्याकडे आले तर संध्याकाळची गाडी कधी आहे ते विचारतात.

आता तुला न सांगितलेली गोष्ट. न्यासाच्या तीन जणांच्या समितीत मी आहे. तुझा अर्ज आला तेव्हाच मी सांगायला हवं होतं की अर्जदार माझी मैत्रीण आहे. सांगितलं नाही. मनाशी म्हटलं, मी निःपक्षपाती राहीन.

आणि चूक तर खरीच आहे. दामिनी म्हणाली ना, कोणी पेरलं. तुझं ढेकूळ शिकवतं की स्फटिक मातीत असतात, भुईमुगाच्या शेंगांसारखे. स्फटिक खडकात होतात. लाव्हा थंड होताना वाफेचे बुडबुडे अडकतात, त्या पोकळ्यांत पाणी झिरपतं आणि भिंतीवर ते आत तोंड करून वाढतात. तेल्हारा तर खारपाणपट्ट्यात. तिथे शंभर फूट खणलं तरी गाळ आणि रेती, दगडाचं नाव नाही. त्या मुलांनी मैदान उकरलं ते तुझ्या धड्याप्रमाणेच उकरलं.

उपायही मला माहीत आहे. चौदा जूनलाच वहीत लिहिला. काळ्या मातीऐवजी खडी क्रशरची भुकटी, दोन अर्ध्या वाट्या वेगवेगळ्या ओतायच्या, आत स्फटिक भिंतीला चिकटवायचे, मग वाट्या जोडायच्या. म्हणजे आत पोकळी राहील. मुलाने फोडलं की खऱ्या खडकासारखं उघडेल. चित्रही काढलं आहे.

हे सगळं तुला आज पाठवलं तर बैठकीआधी तू नमुना बदलू शकतेस. आठ दिवस आहेत.


अमरावती
१ जुलै २०२४

रागिणी,

बाबांचं वय शहात्तर आहे. त्यांना एसटीने एवढा प्रवास करायला लावणं आणि दगड उचलायला देणं मला पटत नाही. खोक्यावर फोटो छापण्याआधी घरच्यांना विचारायची रीत असते.

बाकी मजकूर नंतर.

भावना


अकोला
२२ जुलै २०२४

भावना,

तुझ्या चार ओळींना लगेच उत्तर दिलं नाही. फोटो थांबवलाय. काका प्रीतमला सांगूनच येतात, पण ते असो.

न्यासाने नाही म्हटलं.

पत्रातलं वाक्य उतरवून पाठवते: 'सदर साहित्यामुळे स्फटिक मातीत तयार होतात असा चुकीचा समज विद्यार्थ्यांच्या मनात रुजतो. अशा एका कार्यशाळेनंतर विद्यार्थ्यांनी शाळेचे मैदान खोदल्याचे उदाहरण आहे.'

मी दोन दिवस या वाक्याशी भांडले. तिसऱ्या दिवशी कळलं की लिहिणारा बरोबर आहे. एवढी साधी गोष्ट, आणि मला वाटत होतं की काळी माती घेतली म्हणजे ढेकूळ आपलं झालं, वऱ्हाडचं झालं. प्लास्टरचा पांढरा गोळा परका वाटेल म्हणून मीच हट्टाने माती घातली.

बायांना सांगितलं. चंदाने चाळणी धुऊन उलटी ठेवली. मला ते रडण्यापेक्षा वाईट वाटलं.

मैदानाची गोष्ट वामनरावांनी कोणाला सांगितली असणार. असो.

पुनर्विचारासाठी अर्ज करता येतो, महिन्याच्या आत. त्याला जाणकाराचं उत्तर जोडावं लागतं. ते तू लिहून दे. आक्षेप किती खरा, किती दुरुस्त होण्यासारखा, आणि काय केलं म्हणजे चालेल. तुझ्याइतकं कोणी लिहू शकणार नाही.

रागिणी


अमरावती
२९ जुलै २०२४

रागिणी,

तू मागितलेलं उत्तर सोबतच्या तीन पानांत आहे. साच्याचं चित्र शेवटच्या पानावर. पण ते माझ्या सहीने पाठवू नको, त्याचा उपयोग होणार नाही. कारण आक्षेप माझाच आहे.

मी समितीत होते. ते वाक्य माझं आहे. मैदानाची गोष्ट मी तुझ्या पत्रातून उचलली.

हे तुला समोर येऊन सांगायला हवं होतं. बडनेऱ्यापर्यंत गेले, अकोल्याची गाडी आली, गेली, मी बाकावर बसून राहिले आणि परत आले.

माझं नेमकं काय चुकलं हे मी गेले तीन आठवडे वहीत मांडून बघते आहे. आक्षेप खोटा नव्हता. तो मी पुन्हाही घेईन. पण अर्जदार मैत्रीण आहे हे मी सांगितलं नाही. तू विश्वासाने लिहिलेली गोष्ट तुझ्याविरुद्ध वापरली. आणि तिसरं, जे समितीत कोणाला कधी कळलं नसतं: उपाय माझ्याजवळ होता. अहवालात शेवटी 'शिफारस' असा रकाना होता. मी तो कोरा ठेवला. समितीचे अध्यक्ष सूर्यभान सरांनी विचारलंसुद्धा, मॅडम, सुधारणा काही सुचते का? मी म्हटलं, सध्या नाही.

'सध्या नाही.' एवढ्या दोन शब्दांनी नऊ बायांची चाळणी उलटी झाली.

आधी वाटलं, हे सगळं बाबांमुळे झालं. ते खरं नाही. उपाय चौदा जूनला सुचला आणि तुला सोळाला लिहिलं तेव्हा मी ब्रशच्या केसांबद्दल लिहिलं. तेव्हा बाबांचं मला काही माहीत नव्हतं. म्हणजे हेवा आधीच होता. बाबांनी त्याला फक्त सबब दिली.

काल सूर्यभान सरांना सगळं लिहून दिलं, उपायाचं चित्रही, आणि समिती सोडली. ते म्हणाले, आता डिसेंबरच्या बैठकीशिवाय काही होणार नाही.

माफी मागत नाही. मागितली की तुला द्यावीशी वाटेल, तू तशीच आहेस. तेवढं तरी तुझ्यावर लादू नये.

भावना


अकोला
२० ऑगस्ट २०२४

भावना,

मला माहीत होतं.

मैदानाची गोष्ट मी एकट्या तुला लिहिली होती. तरी खात्री केली. वामनराव म्हणाले, आपल्याच शाळेची अब्रू मी कशाला वेशीवर टांगू? त्याच दिवशी तुला बावीस जुलैचं पत्र लिहिलं. मला बघायचं होतं, तू मला उत्तर लिहून देतेस का आणि कसं देतेस. म्हणजे मीही सरळ वागले नाही. पण माझं वाकडं आणि तुझं वाकडं एका मापाचं नाही.

तू मले काहून नाई सांगतलं? सोळा जूनला दोन ओळी लिहिल्या असत्या, बाई, तुझं ढेकूळ चुकलं. मी का रडली असती? रडली असती तर रडली असती. शुद्ध मराठीत राग नीट येत नाही, म्हणून हे असं.

तुझ्या शिक्षणाचा मला हेवा वाटतो. वाटतच आला. पण मी तो तुझ्या तोंडावर सांगितला, तुझ्या निकालाच्या पेढ्याचा तुकडा मोडताना सांगितला. तू तुझा दाबून ठेवलास आणि त्याला निःपक्षपात म्हणालीस.

काका माझ्याशी का बोलतात, असा प्रश्न तुझ्या पत्रात कुठे लिहिलेला नाही, पण सगळीकडे आहे. मी त्यांना विचारते, म्हणून बोलतात. त्यात माझं कौशल्य काही नाही.

तुझं चित्र वापरलं. लाज वाटली, पण वापरलं. पहिली पंधरा फुकट गेली. वाट्या जोडल्या की भुकटी ओली राहायची आणि स्फटिक भिंतीवरून सुटून खाली पडायचे. चंदाने युक्ती काढली: आतली बाजू एक दिवस उन्हात सुकवायची, मगच चिकटवायचं. सोळावं फोडलं. काकांनी दोन्ही अर्ध्या वाट्या हातात घेऊन बघितल्या आणि म्हणाले, "आता दगड झाला. पयले मातीचा लाडू होता." म्हणजे त्यांनाही दिसत होतं. विचारलं, मग बोलले का नाही? म्हणाले, "तू येवढी खूश होती."

अमोलने डिसेंबरपर्यंत मुदत दिली आहे. सरकीवाला रोज येऊन शेडची उंची मोजून जातो.

तू काय केलंस ते काकांना मी सांगितलेलं नाही. ते तुझं काम.

नव्या पत्रकावर 'मार्गदर्शन' म्हणून तुझं नाव टाकायचं का, असं चंदाने विचारलं. मी नाही म्हटलं.

रागिणी


अमरावती
१२ जानेवारी २०२५

रागिणी,

पाच महिने उत्तर दिलं नाही. लिहीत होते, पाठवलं नाही.

न्यासाने तुझं साहित्य वीस शाळांसाठी घेतल्याचं सूर्यभान सरांकडून कळलं. साठ नाही, वीस. शेड राहिली ना? चंदा राहिली ना? हे मी त्यांना विचारू शकले नाही.

त्या वीसांत दामिनीची शाळा आहे. गुरुवारी तिथे बाबांना बोलावलं होतं, आणि प्रीतमने मला न विचारताच गाडीत बसवलं. मी मागच्या बाकावर होते. बाबांनी एक गोळा उचलला, मुलांना म्हणाले, याले ठोकाचं नाई, आधी आयकाचं. चाळीस पोरं पुढे वाकली. मग टिचकी, मग फट्‌ असा आवाज, आणि दोन अर्ध्या वाट्या. आत पोकळी आणि भिंतीवर जांभळे दाणे. एका मुलीने विचारलं, हे आत गेले कसे? गेले नाई, बाबा म्हणाले, तिथंच वाढले. मग बुडबुड्यांचं, झिरपणाऱ्या पाण्याचं सगळं सांगितलं. माझ्या तीन पानांतलं, पण त्यांच्या भाषेत, आणि मला कधी जमणार नाही इतकं सोपं.

मला आनंद झाला. आणि त्याच वेळी जूनमधला तो हेवाही वाटला. मला वाटलं होतं, कबुली दिली की संपेल. संपला नाही.

परतताना मी त्यांच्या उजव्या हाताला बसले आणि सगळं सांगितलं. समिती, मैदान, कोरा रकाना. ते म्हणाले, "तुहं म्हननं खरं होतं ना? मंग थे तिले सांगाचं होतं. पाठीमागं कायले सांगतलं?" मी म्हटलं, मला हेवा वाटला. त्यांना वाटलं ऐकण्यात चूक झाली, म्हणून पुन्हा विचारलं. मी पुन्हा, मोठ्याने सांगितलं. ड्रायव्हरने आरशातून बघितलं. बाबा एवढंच म्हणाले, "मले वाटे, तुले माह्या दगडायची लाज वाटते."

हे वाक्य मी घरी येऊन वहीत उतरवलं.

शाळेतून निघताना दामिनीकडून पत्रक मागून घेतलं. वाचलं, उलटून वाचलं, पुन्हा वाचलं. निवड: डोमाजी काका. बांधणी: चंदा आणि आठ जणींची नावं. संकल्पना: रागिणी. मी काय शोधत होते ते तुला कळलं असेल.

ऑगस्टपासून तुला एकच वाक्य लिहायचं होतं, की नाव टाकलं नाहीस ते बरोबर केलंस, मला नकोच होतं. चार वेळा लिहिलं आणि चारही वेळा कागद फाडला, कारण पहिला अर्धा भाग खरा आहे आणि दुसरा नाही. बरोबर केलंस. मला हवं होतं.

भावना